शब्दचर्चा : पलतड, पैलतीर आणि 'घे घे सायबा'

मांडवीकाठ

परवा पुण्याहून मावसबहिणीचा फोन आला. "काकांना दे गं."
मी म्हटलं, "नाहीत घरी. पलतडी गेलेत."
पलीकडे शांतता. मग अगदी बारीक आवाजात, "कधी?"
"सकाळीच. मालीमला, मासळी आणायला."

मग ती जी काही हसली! पणजीत 'पलतडी' म्हणजे नदीच्या पलीकडे, बेतीला किंवा मालीमला. फेरीबोटीत बसलं की पोचलं, पायी जाणाऱ्याला तिकीटसुद्धा नाही. तिच्या कानाला मात्र 'पैलतीर' ऐकू आलं. मराठीत पैलतीरी गेलेला माणूस बांगडे घेऊन परत येत नाही.

शब्द दोन्ही एकाच कुळातले. पैल म्हणजे पलीकडचा. तड म्हणजे तट, काठ. मराठीने 'पैलतीर' देवाधर्माच्या आणि मृत्यूच्या बोलण्यासाठी राखून ठेवला. कोंकणीने 'पलतड' रोजच्या वापरात ठेवली. हे सगळं आठवायचं कारण ते जुनं कोंकणी गाणं, 'हांव सायबा पलतडी वैतां', म्हणजे 'सायबा, मी पलीकडे जातेय'. आजी तांदूळ निवडताना गुणगुणायची. लहानपणी मला ते नाचगाणं वाटायचं, ठेकाच तसा आहे. शब्दांकडे लक्ष गेलं ते फार उशिरा. कलावंतीण दामूच्या लग्नाला निघालीय. नदी आडवी आलीय आणि ती नावाड्याला विनवते आहे: मला वाट दाखव, मला वाट कळत नाही.

आता, काठावर उभं राहिलं की पलतड समोर दिसते. मग वाट कळत नाही ती कसली? पाण्यावर वाट नसतेच. वाट म्हणजे तो नावाडी. त्याने नाही म्हटलं की समोरचा काठ दिसत असूनही मुक्काम अलतडीलाच. 'पलतड' या शब्दातली हुरहूर मला इथे सापडते, दिसतंय पण पोचता येत नाही यात. मराठी 'पलीकडे'त ती नाही. 'पैलतीर'मध्ये आहे, पण तो काठ कुणाला दिसतच नाही.

तुमच्याकडे हा शब्द कसा वापरतात?

शिवोलीचा पाव

आमच्याकडे जोडीने 'तार' पण. तार म्हणजे नदी ओलांडायची जागा, फेरीचा धक्का. शिवोलीत त्या भागाचं नावच तार. आता नदीपलीकडच्या चोपडे गावाला जायला पूल झाला, फेरी गेली, नाव तेवढं उरलं. नाव वल्हवणारा तो तारी. 'तरणे', 'तारणे', 'तारू' ही सगळी भावंडंच. तुकोबांचा देव तारतो आणि आमचा तारी पण तारतो, फक्त तारी पैसे घेतो.

खडूफळा

तड मराठीतून गेली कुठे? काम 'तडीस नेणे' म्हणजे ते काठाला लावणं. चाळीस वर्षं वर्गात शिकवलं, पण एकाही मुलाला त्यात नदी दिसली नाही. आणि 'तडीपार'! गुंडाला पोलीस करतात तो. काठापलीकडे नेऊन सोडलेला. म्हणजे पोलीसठाण्याच्या भाषेत पलतडी पाठवलेला.

जाता जाता, या गाण्याचा प्रकार 'देखणी'. गोव्यातल्या गाण्यांत मांडो संथ, विरहाचा. दुलपद उडतं. देखणीत ख्रिस्ती घरांतून हिंदू कलावंतिणीची गोष्ट गायली जाते. नाव ऐकून कुणी नटलेली बाई समजू नये. अर्थात या गाण्यातली नटलेली आहेच.

रात्रीची शेवटची फेरी

आणि तेच नटणं ती उतरवायला निघते! 'घे घे घे' म्हणत अंगावरचा एकेक दागिना नावाड्यापुढे धरते. 1973 च्या 'बॉबी'ने ही ओळ उचलली, पण तिथलं गाणं सोनं-चांदी नको म्हणतं आणि प्रेमात सौदा नाही म्हणतं. मूळ गाण्यात तर सौदाच चाललाय. मला मूळचंच जास्त खरं वाटतं. पलीकडे जायची घाई असलेला माणूस तत्त्वं सांगत नाही, हातातलं कांकण काढतो.

पर्वरीवाली

'पलतड' हा शब्द मी आईच्या तोंडून वेगळ्या सुरात ऐकलाय. जुलै 1986 मध्ये मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा ती पणजीत नोकरीला होती, घर पर्वरीला. तोवर ती 'पणजीला जाते' म्हणायची. त्या पावसाळ्यापासून 'पलतडी जाते' म्हणू लागली. धक्क्यावर रांग, छत्री, डबा, आणि समोर ऑफिस दिसतंय. नवा पूल झाला तरी शब्द बदलला नाही. अजून पूल ओलांडते आणि पलतडीच जाते.

मांडवीकाठ

पर्वरीवाली, हेच. दिसणारं ऑफिस!

दागिन्यांवरून आठवलं. आमच्या देवळात भजनाला ज्ञानदेवांचा 'पैल तो गे काऊ' होतो. घरी आम्ही कोंकणी बोलतो, देवळात मराठी गातो, त्यामुळे दोन्ही गाणी एकाच डोक्यात नांदतात आणि तरी कधी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. तिथेही 'पैल'च आहे. तिथला पैल परलोकातला नाही, नुसता 'तो पलीकडे' आहे, कावळ्याच्या आवाजाच्या अंतरावर. तीही वाट पाहणारी बाई आहे. पंढरीराऊ घरी कधी येतील ते सांग, तुझे पाय सोन्याने मढवीन म्हणते. म्हणजे एक कावळ्याला सोनं देऊ करते, दुसरी नावाड्याला. फरक एवढाच की एकीला कुणीतरी इकडे यायला हवंय आणि दुसरीला तिकडे जायचंय. कावळा निदान शकुन तरी सांगतो. आमचा तारी काही ऐकत नाही.

शिवोलीचा पाव

तारी ऐकत नाही कारण नदीला पूर असेल. त्याची बाजू कुणीच गात नाही.

खडूफळा

'अलतड' एकटा शब्द कुणी वापरतं का? मी नेहमी 'अलतड-पलतड' असा जोडीनेच ऐकला.

मांडवीकाठ

मीही घरी एकटा कधी ऐकला नव्हता. कालपर्यंत. रात्री पुण्याहून मेसेज आला: "काका अलतडी आले का? बांगडे कसे निघाले?"