‘संततिनियमन’ आणि ‘गर्भनिरोध’ एकच का?

जुन्या मासिकांत ‘संततिनियमन’ पानोपानी भेटतो. आज आपण ‘गर्भनिरोध’ म्हणतो, नाहीतर ‘कुटुंबनियोजन’. अर्थ तोच आहे की काही फरक आहे? आणि ‘ति’ ऱ्हस्व का?

—

ऱ्हस्वाचं सोपं आहे: ‘संतति’ तत्सम आहे, समासात पूर्वपद असल्यावर मूळ ऱ्हस्व राहतो.

अर्थाचं तेवढं सोपं नाही. निरोध ‘रुध्’पासून, म्हणजे अडवणं. नियमन ‘यम्’पासून, म्हणजे लगाम हातात ठेवणं. गर्भनिरोध हे साधनाचं काम झालं. नियमन करायला मात्र माणूस लागतो, आणि संततिनियमनाच्या चळवळीचा सगळा युक्तिवाद त्या माणसाभोवती आहे.

—

मग सरळ ‘नियंत्रण’ का नाही? मूळ इंग्रजी शब्द ‘बर्थ कंट्रोल’च ना?

—

हो. अमेरिकेतल्या चळवळकर्त्या मार्गारेट सँगर यांच्या ‘द वूमन रिबेल’ मासिकातून तो १९१४ मध्ये रूढ झाला. त्याआधी अमेरिकेतल्या स्त्रीवादी ‘स्वेच्छा मातृत्व’ म्हणत; त्यांचा भर साधनांवर नव्हता, नवऱ्याला नकार देण्याच्या हक्कावर होता. १८७३च्या कॉमस्टॉक कायद्याने गर्भनिरोधाची माहिती टपालाने पाठवणंही अश्लीलतेत घातलं होतं. अशा वेळी ‘कंट्रोल’ हा कोरडा, जवळजवळ यंत्राच्या दुकानातला शब्द निवडणं मला फार हुशारीचं वाटतं. त्यात लाजण्यासारखं काही उरतच नाही.

१९१६ साली त्यांनी ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल भागात दवाखाना उघडला. त्याचं पत्रक इंग्रजी, यिडिश आणि इटालियन अशा तीन भाषांत होतं. ‘आयांनो!’ अशी हाक, मग प्रश्न: मोठं कुटुंब परवडतं का? आणखी मुलं हवीत का? नको असतील तर का होऊ देता? आणि पुढे, माझ्या मराठीत: ‘मारू नका, जीव घेऊ नका, आधीच थांबवा.’ विरोधकांची नीती उचलून आपल्या बाजूला लावली. इथे क्रियापद मात्र निरोधाचं आहे, हे कबूल!

‘नियंत्रण’बद्दल: ‘लोकसंख्या नियंत्रण’ म्हणताच लगाम सरकारच्या हाती दिसतो. हा आक्षेप खुद्द ‘कंट्रोल’लाही लागू आहे, कारण सँगर पुढे वंशसुधारवाद्यांची, म्हणजे ‘चांगल्या’ वंशाचीच मुलं व्हावीत म्हणणाऱ्यांची, भाषा बोलू लागल्या.

—

मराठीत ‘संततिनियमन’ म्हटलं की र. धों. कर्वे आठवतात. त्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ ते १९५३ चाललं, त्यापायी खटलेही झाले. गंमत अशी की समोरच्या पक्षाचा ‘संयम’ही त्याच ‘यम्’चा! १९३५च्या डिसेंबरात सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या, तो वाद जवळजवळ दोन उपसर्गांचा म्हणता येईल. ‘सम्’वाले स्वतःला आवरा म्हणत होते, ‘नि’वाले परिणाम आवरा.

—

उपसर्गांचं छान, पण जरा ओढून आणलंय. कर्वे व्युत्पत्ती बघून लिहीत नसणार.

—

मान्य. पण वाचकाच्या कानावर दोन्ही शब्द पडत होतेच.

—

‘निरोध’बद्दल एक. १९६८ मध्ये सरकारी कंडोमला तेच नाव दिलं आणि सुटा शब्द संपलाच. आता योगसूत्रांतला ‘चित्तवृत्तींचा निरोध’ शिकवताना मागच्या बाकावर खसखस पिकते.

—

आणि ‘कुटुंबनियोजन’? १९५२च्या सरकारी कार्यक्रमाने तो घरोघरी नेला. आणीबाणीनंतर, १९७७ मध्ये, त्याच खात्याचं ‘कुटुंब कल्याण’ झालं. बोलीत मात्र त्याचा अर्थ शस्त्रक्रियेपुरता उरला. क्रियापद बघा: संततिनियमन लोक ‘करत’. कुटुंबनियोजन बाईचं ‘झालेलं’ असतं.