सी३ कमी, सी४ ठीक: मूत्रपिंडाच्या आजारात या आकड्यांचा अर्थ काय?

प्रश्न | सातपुडा

माझ्या आठ वर्षांच्या पुतण्याच्या पायांवर पावसाळ्यात पुळ्या उठल्या होत्या. त्या सुकल्यावर तीनेक आठवड्यांनी त्याचा चेहरा सुजला, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होऊ लागली आणि रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी संसर्गानंतर होणारा मूत्रपिंडदाह असे निदान केले आहे. रक्ताच्या अहवालात सी३ हे प्रथिन ३१ आहे, प्रयोगशाळेची खालची मर्यादा ९० आहे. सी४ मात्र मर्यादेत आहे. सी३ हा प्रतिकारयंत्रणेचा भाग आहे एवढे वाचून समजले. मग ते कमी असणे म्हणजे मुलाची प्रतिकारशक्ती दुबळी होणे असे समजायचे का, आणि ते वाढवण्यासाठी काही द्यावे लागते का? शिवाय बायोप्सी (सुईने मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासणे) न करता आठ आठवड्यांनी सी३ पुन्हा तपासू, असे डॉक्टर म्हणतात. घरातील वडीलधाऱ्यांना हे थांबणे पटत नाही, म्हणून त्यामागचे शास्त्र जाणून घ्यायचे आहे.

उत्तर | पॅथॉलॉजीवाली

सी३ कमी झाले आहे ते यकृताने तयार केले नाही म्हणून नव्हे, तर ते भराभर खर्च होत आहे म्हणून. सी३ आणि सी४ ज्या प्रतिकारयंत्रणेचे भाग आहेत ती कॉम्प्लिमेंट ही तीसहून अधिक प्रथिनांची साखळी आहे आणि ती तीन मार्गांनी सुरू होते. अभिजात मार्ग प्रतिपिंडांमुळे आणि लेक्टिन मार्ग जंतूंवरील शर्करेमुळे जागा होतो. या दोन्हींत सी४ खर्ची पडते. तिसरा, पर्यायी मार्ग सी४ला हात लावत नाही. तो निरोगी माणसातही सतत मंद गतीने चालू असतो आणि फॅक्टर एच, फॅक्टर आय यांसारखी प्रथिने त्याला आवरून धरतात. तिन्ही वाटा सी३च्या विभाजनापाशी एकत्र येतात. पुढे सी५ तुटते, त्याचा एक तुकडा पांढऱ्या पेशींना त्या जागी बोलावतो आणि दुसरा पेशीच्या आवरणाला भोक पाडणारी रचना उभी करतो. मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांमध्ये हे घडले की लघवीत रक्त आणि प्रथिने उतरतात.

त्यामुळे सी३ कमी आणि सी४ ठीक असेल तर पर्यायी मार्गाकडे बोट जाते, आणि स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूच्या संसर्गानंतरच्या मूत्रपिंडदाहात बहुधा हेच चित्र दिसते. ल्युपसमध्ये (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजारात) अभिजात मार्ग चालत असल्याने दोन्ही आकडे खाली येतात. सी३ वाढवण्याचे औषध नाही आणि त्याची गरजही नाही. कोणी प्रतिकारशक्तीची पावडर सुचवली तर कृपया टाळा.

उत्तर | बालवृक्क विभाग

आठ आठवड्यांची मुदत ठरवण्यामागे कारण आहे. संसर्गानंतरच्या मूत्रपिंडदाहात सी३ साधारण सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होते. या आजारात अनेक मुलांच्या रक्तात पर्यायी मार्गातल्या फॅक्टर बी या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात, पण ती तात्पुरती असतात आणि ती ओसरली की साखळीही शांत होते. सी३ जर तीन महिने उलटूनही कमीच राहिले, तर सी३ ग्लोमेरुलोपॅथीचा विचार करावा लागतो. तिच्यात पर्यायी मार्गाचे नियंत्रण कायमचे बिघडलेले असते. कधी जनुकीय दोषामुळे, कधी सी३ फोडणाऱ्या विकराला स्थिर करून ठेवणाऱ्या नेफ्रिटिक फॅक्टर नावाच्या प्रतिपिंडामुळे. सुरुवातीच्या बायोप्सीत हे दोन आजार एकमेकांसारखे दिसू शकतात, म्हणून अनेकदा सुईपेक्षा कालावधीच अधिक सांगून जातो. अर्थात क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालत नसल्यास रक्तात साठणारा घटक) झपाट्याने वाढू लागले, तर वाट न पाहता बायोप्सी केली जाते.

एक गोष्ट मात्र आजच तपासून घ्या: प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन. दोन्ही घसरत असतील आणि रक्तात तुटलेल्या तांबड्या पेशी दिसत असतील, तर तो हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, म्हणजे तांबड्या पेशी तुटून मूत्रपिंड निकामी होऊ लागण्याचा आजार, असू शकतो. त्याच्या कॉम्प्लिमेंटशी निगडित प्रकारात भारतीय मुलांमध्ये फॅक्टर एचविरुद्धची प्रतिपिंडे पाश्चात्त्य देशांपेक्षा बरीच अधिक आढळतात, आणि अशा मुलांमध्ये प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातील द्रव भाग काढून बदलणे) लवकर सुरू करण्यावर मूत्रपिंडाचे भवितव्य अवलंबून असते.

प्रश्नकर्ता | सातपुडा

प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन दोन्ही व्यवस्थित आहेत. मग सी३ नॉर्मल झाले की कॉम्प्लिमेंटचा धोका टळला असे म्हणता येईल का? आणि कॉम्प्लिमेंट रोखणाऱ्या महागड्या इंजेक्शनांविषयी वाचले, त्यांची गरज पडू शकते का?

उत्तर | पॅथॉलॉजीवाली

या आजारापुरते बोलायचे तर बऱ्याच अंशी होय. परंतु हा नियम सगळीकडे लावू नका. आयजीए नेफ्रोपॅथीत (गाळण्यांत आयजीए प्रतिपिंडे साठण्याच्या आजारात) आणि अँका व्हॅस्क्युलायटिसमध्ये (बारीक रक्तवाहिन्यांच्या दाहात) साखळी गाळणीतच पेटलेली असते, आणि तरीही रक्तातील सी३ बहुधा मर्यादेत राहते. आयजीएच्या बायोप्सीवर सी३चा डाग बहुधा दिसतो. त्या रुग्णाच्या रक्ताचा अहवाल मात्र काहीच बोलत नाही. केवळ रक्तातील आकड्यावर निश्चिंत होणाऱ्यांविषयी मला थोडी चिंता वाटते ती यामुळेच.

औषधांमध्ये सी५ला रोखणाऱ्या एक्युलिझुमॅबला अमेरिकेत २०११ मध्ये अटिपिकल (कॉम्प्लिमेंटशी निगडित) हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोमसाठी मान्यता मिळाली. साखळीचे शेवटचे टोक बंद झाल्याने मेंदूज्वर घडवणाऱ्या मेनिंजोकॉकस जिवाणूच्या संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून त्याची लस द्यावी लागते. अँका व्हॅस्क्युलायटिससाठी अ‍ॅव्हाकोपॅन २०२१ मध्ये आले. फॅक्टर बीला अडवणाऱ्या इप्टाकोपॅनच्या गोळीला २०२४ मध्ये आयजीए नेफ्रोपॅथीसाठी आणि २०२५ मध्ये सी३ ग्लोमेरुलोपॅथीसाठी मान्यता मिळाली. तुमच्या पुतण्याला यांपैकी कशाचीही गरज दिसत नाही. मीठ कमी करणे, लघवी वाढवणारे औषध आणि रक्तदाबावर नियंत्रण एवढ्यावर बहुतेक मुले सावरतात.

उत्तर | बालवृक्क विभाग

सहमत. आठव्या आठवड्यात सी३सोबत लघवीतील प्रथिनांचे प्रमाणही तपासून घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या तांबड्या पेशी काही महिने, कधी वर्षभरही राहू शकतात. सी३ पूर्ववत झाले असेल, रक्तदाब ठीक असेल आणि प्रथिने जात नसतील, तर केवळ त्या पेशींसाठी बायोप्सीचा आग्रह धरू नका.