पाडव्याच्या आदल्या रात्री ५-० ने हरलो. आता जर्सीवर नाव कुणाचं छापू?

डोंबिवली_पश्चिम:
शनिवारी, २९ मार्च २०२५ च्या रात्री, बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर आपल्या मुंबई सिटीची बंगळुरू एफसीविरुद्ध इंडियन सुपर लीगची फुटबॉल मॅच सुरू झाली तेव्हा घरात श्रीखंडासाठी चक्का टांगलेला होता, गुढीची काठी पुसायची राहिली होती, आणि मी टीव्हीसमोरून हलले नाही. नवव्या मिनिटाला त्यांच्या सुरेश वांगजमने गोल केला. लेक म्हणाली, "आई, अजून खूप वेळ आहे." तिचं खरंच होतं. गेल्या एप्रिलमध्ये फातोर्ड्याला गोव्याविरुद्ध नव्वदाव्या मिनिटापर्यंत आपण ०-२ ने मागे होतो आणि ३-२ जिंकलो. छांगटेचे दोन, विक्रम प्रतापचा एक. त्या रात्री आम्ही दोघींनी शेजाऱ्यांना झोपू दिलं नव्हतं.

पण यंदा मेंडेझची पेनल्टी आली, मग विल्यम्स, मग छेत्री. पाचवा पेरेरा डियाझने मारला, तेव्हा ती काही न बोलता आत गेली.

डियाझ आपला होता हो. मागच्या मे महिन्यात कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ ने हरवून लीगचा कप आणला, त्यातला बरोबरीचा गोल त्याचा. तो कप उचलणारा कप्तान राहुल भेके, मुंबईचाच पोरगा, तोही नंतर बंगळुरूकडे गेला. नोगेराही तिकडेच. आणि आपल्या मधल्या फळीतला अपुइया तर थेट बागानकडे गेला.

लेकीच्या जर्सीवर अपुइयाचं नाव आहे. धुऊन धुऊन मधलं एक अक्षर सुटायला आलंय. त्यावर सुती रुमाल ठेवून मी इस्त्री फिरवते. या हंगामात तीच घालून ती माझ्याबरोबर अंधेरीला, आपल्या घरच्या मैदानावर आली. मॅच साडेसातची, म्हणून मी ऑफिसातून लवकर निघायचे, घाटकोपरला उतरून मेट्रो, मग आझादनगर. नोव्हेंबरात मंगळवारी पंजाबने घरच्या मैदानावर आपल्याला ०-३ हरवलं, डिसेंबरच्या शेवटी नॉर्थईस्टने पुन्हा ०-३. परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर झोपली होती. हरण्याचं मला इतकं नाही वाटत. ज्यांच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडलो त्यांनीच समोरून येऊन हरवावं, हे तिला कसं समजावू ते कळत नाही.

आता ती अकरा वर्षांची झाली, जर्सी आखूड होते. नवी घ्यायचीय. विचारते, "नाव कुणाचं?" तुम्ही काय करता?

वीरा_देसाई_रोड:
ताई, छांगटेचं छापा. सगळे गेले तरी तो राहिला.
बाकी दुखणं पाच गोलांचं नाहीच, आपल्या गोलांचं आहे. २०२२-२३ मध्ये आपण २० सामन्यांत ५४ गोल केले होते. यंदा २४ सामन्यांत २९. खाल्ले २८. पुढच्या फळीत कारेलिसने त्याच्या परीने ओढलं, पण मधून बॉल पुढे नेणारं कुणी नव्हतं. अपुइया आधी मान वळवून बघायचा आणि मग बॉल घ्यायचा. ते यंदा कुणाकडे दिसलंच नाही. नऊ सामने बरोबरीत सुटले. त्यातले निदान चार तरी माझ्या मते जिंकायचे होते.

इंदिरानगर_बंगळूर:
मूळ ठाण्याचा, नोकरीसाठी इथे. ११ मार्चलाही मी कांतीरवावर होतो आणि २९ लाही. ११ तारखेला आपण २-० जिंकून प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी गाठली. त्या रात्री घरी चालत गेलो, रिक्षा करावीशीच वाटली नाही. अठरा दिवसांनी तीच जागा, तीच पायरी. छेत्रीच्या गोलला अख्खं स्टेडियम उभं राहिलं आणि आम्ही मूठभर निळे बसून होतो. त्यांचाही रंग निळाच, पण गडद. शेजारच्या स्टँडमधल्या त्यांच्या एका काकांनी जाळीतून पाण्याची बाटली पुढे केली. कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले, मला शब्द कळले नाहीत.
भेकेवर मला राग धरता आला नाही. लेकीला सांगा, कप त्यानेच उचलला होता, ते कुणी पुसत नाही.

शिवाजीपेठ:
ताई, कोल्हापुरात या एकदा. शाहू स्टेडियमवर हे दर हंगामाला बघायला मिळतं. आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे. नोंदणीच्या वेळी पोरगं या तालमीतून त्या तालमीत जातं, आणि पुढच्या मॅचला काल खांद्यावर घेतलेल्याला आज शिट्ट्या. लई वाईट वाटतं, मी स्वतः रडलोय. पण आमच्यात नाव पेठेचं चालतं. खेळाडू येतो, जातो, खंडोबा खंडोबाच राहते, पाटाकडील पाटाकडीलच. पोरीच्या पाठीवर "मुंबई" लिहा की सरळ.

कूपरेजचा_जुना:
पोरी, मी महिंद्रा युनायटेडचा माणूस, मुंबईचाच जुना फुटबॉल संघ. २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा आम्ही कूपरेज मैदानावर होतो, आमच्या याकुबूला बघायला कामावर दांडी मारायचो. २०१० मध्ये संघच बंद झाला. पुढच्या हंगामात शनिवारी दुपारी पाय आपोआप कूपरेजकडे वळायचे. फाटकापाशी जाऊन उभा राहायचो आणि परत यायचो. हरायलासुद्धा कुणी नव्हतं. माझ्याकडे अजून तो लाल शर्ट आहे. नाव नाही त्याच्यावर, पण कुठल्या मॅचला कुठे फाटला ते मला माहीत आहे.
नाव कुणाचं छापायचं ते तिलाच ठरवू दे. आणि जुनी जर्सी टाकू नकोस.

डोंबिवली_पश्चिम:
सगळ्यांचे आभार. तुमची उत्तरं तिला मोठ्याने वाचून दाखवली. कूपरेजच्या आजोबांचं दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "फाटकापाशी ते एकटेच असायचे का?"
छांगटेचं नाव तिला पटतंय, पण लगेच नको म्हणाली. भुवनेश्वरची सुपर कप स्पर्धा बघून ठरवणार आहे. तोवर जुनीच घालणार, आखूड असली तरी. काल रात्री ते सुटलेलं अक्षर पांढऱ्या दोऱ्याने शिवून दिलं. टाके तिला आतल्या बाजूने बारीक हवे होते, बाहेरून दिसायला नकोत म्हणून. पहिल्यांदा जमलं नाही, उसवून परत घातले.