एकाच सोर्समधली पॅकेजेस: आवृत्ती तंतोतंत बांधावी की नाही?

सांधेजोड: एका सोर्समधून (मूळ कोडमधून) लायब्ररी, प्लगइन, डेटा अशी चार-पाच पॅकेजेस (इन्स्टॉल करायचे संच) निघतात. त्यांचं एकमेकांवरचं अवलंबन '=' (नेमकी तीच आवृत्ती) लावूनच लिहावं, असं माझं ठाम मत आहे. परवा मी एक लायब्ररी अपग्रेड केली. तिचं प्लगइन जुनंच राहिलं, कारण त्याच्या डिपेंडन्सीत नुसतं '>=' (ती किंवा पुढची कोणतीही आवृत्ती) होतं. प्रोग्राम उघडताच 'अनडिफाइंड सिम्बॉल' (लायब्ररीतल्या फंक्शनचं वगैरे नाव सापडत नाही) म्हणत कोसळला. पॅकेज मॅनेजरच्या लेखी मात्र सगळं आलबेल! अख्खी संध्याकाळ गेली.

मोकळीवाट: तुमचं प्लगइन लायब्ररीचे खासगी सिम्बॉल वापरत असणार. तिथे '=' हवंच. पण सरसकट नको. डेबियन या लिनक्स प्रणालीत सोर्सला हात न लावता पॅकेज नुसतं पुन्हा बिल्ड (सोर्सपासून तयार) केलं की आवृत्ती २.०-१ ची २.०-१+बी१ होते. डेटाचं पॅकेज सगळ्या आर्किटेक्चर्सना (प्रोसेसरच्या प्रकारांना) एकच, ते पुन्हा बिल्ड होत नाही. मग बायनरी '२.०-१+बी१ चा डेटा द्या' म्हणत बसते आणि तसा डेटा जगात कुठेच नसतो.

सांधेजोड: हा दोष '=' चा नाही, लिहिणाऱ्याचा आहे. डेटासाठी 'बायनरी:व्हर्जन'ऐवजी 'सोर्स:व्हर्जन' ('+बी१' नसलेली मूळ आवृत्ती) लिहा, प्रश्न मिटला.

तळटीप: वापरणाऱ्याच्या बाजूनेही बघा. पॅकेजेस अद्ययावत करणारी 'ऍप्ट अपग्रेड' ही कमांड काहीही काढून टाकत नाही. त्यामुळे '='च्या साखळीतलं एक पॅकेज अडलं की अख्खा घोळका मागे राहतो आणि सुरक्षेची दुरुस्तीही त्यातच अडकते. वैतागून 'फुल-अपग्रेड' मारावं, तर ते पॅकेजेस काढायला निघतं. यादी न वाचता 'हो' म्हणणारे कमी नाहीत.

मोकळीवाट: नेमकं. खरा एबीआय (तयार बायनरी लायब्ररीशी ज्या सांध्याने जुळते तो) बदलला तर ते पॅकेजच्या नावातच दिसावं. २०३८ च्या अडचणीसाठी (३२ बिटांत वेळेचा आकडा तेव्हा मावेनासा होतो) ३२-बिटवर टाइम-टी हा वेळ साठवणारा प्रकार ६४ बिटांचा करताना, २०२४ मध्ये डेबियनने हेच केलं: लिबएसएसएल३ या लायब्ररीच्या पॅकेजचं लिबएसएसएल३टी६४ झालं. बाकी ठिकाणी सिम्बॉल्स फाइल (कोणता सिम्बॉल कोणत्या आवृत्तीपासून आहे याची यादी) नीट ठेवा. किमान कोणती आवृत्ती लागते ते बिल्डच्या वेळी आपोआप निघतं.

सांधेजोड: ती फाइल नीट ठेवणारे किती? निम्म्या वेळा ती शिळी असते, हे मी स्वतः पॅकेजिंग करताना पाहिलंय. लायब्ररी वापरणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रामांपुरतं तुमचं मान्य. लायब्ररी-प्लगइनच्या जोडीवर मात्र मी हटणार नाही. परवाचा बग पॅचसकट आज नोंदवतोय.