जुन्या टाटा २०७ पिकअपचा हौदा नवीन बांधायचाय, पत्रा घालू की लाकूड?

बागायत_वाळपई
नमस्कार मंडळी. टाटा २०७ डीआय आहे, २००६ ची, मालवाहू पासिंग. इंजिन ठणठणीत पण हौदा, म्हणजे मागचा माल भरायचा भाग, पार गेलाय, फाळका उघडला की बिजागरीजवळचा पत्रा हातात येतो आणि केबिनच्या मागच्या कोपऱ्यातून खालचा रस्ता दिसतो. माल म्हणजे केळी, नारळ, सुपारी, पावसाच्या तोंडावर रोपं, बहुतेक सगळं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला. मला तिन्ही बाजूंचे फाळके खाली पडतील असा सपाट हौदा हवाय, वर काढता-घालता येणारा सांगाडा नि ताडपत्री, आणि जमलं तर मागे फूटभर वाढवायचाय. धाकट्या भावाची यादी वेगळीच, पुढे मोठं लोखंडी गार्ड, रुंद टायर, टपावर लाईटची पट्टी. गॅरेजवाला म्हणतो ३ एमएमची चेकर्ड प्लेट (उठावाची नक्षी असलेला लोखंडी पत्रा) टाक, जन्मभर बघायला नको. कोणी असं काम करून घेतलंय काय? चवथीच्या आधी गाडी रस्त्यावर पाहिजे, आमच्या वाड्यावरचे गणपती हिच्यातूनच येतात.

वेल्डर_डिचोली
बाब, आधी वजन बघा. हौदा ८ बाय साडेपाच फूट धरला तर ४ चौरस मीटरच्या वर जातो. ३ एमएम लोखंड चौरस मीटरला साडेतेवीस किलो, म्हणजे नुसता तळच ९६ किलो, वरची नक्षी धरून शंभरावर. २ एमएमचा साधा पत्रा घातलात तर ६४ त होतो, फक्त खालचे आडवे चॅनल (यू-आकाराचे लोखंडी बार) जवळ-जवळ घ्यायचे. नाहीतर ते जास्तीचं लोखंड तुम्ही रोज फुकट म्हापशाला फिरवून आणणार, आरसीवर एकूण वजनाचा आकडा ठरलेला आहे, बॉडी जड झाली की माल तेवढा कमी.

खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्याकडे टिपरच्या बॉड्या यायच्या, जाडजूड पत्र्याच्या, त्याही कोपऱ्यातच कुजायच्या. आडव्या चॅनलचं तोंड वर ठेवलं की त्यात माती, सुपारीची सालं, पानं बसतात आणि दिवाळीपर्यंत ओली राहतात. तुमच्या केबिनमागच्या कोपऱ्यात पण हेच झालं असणार, एकदा पेचकसाने उकरून बघा, काळी माती निघेल. चॅनलचं तोंड खाली किंवा बाजूला करायचं, चारी कोपऱ्यांत करंगळी जाईल एवढी भोकं ठेवायची नि ती ताडपत्रीच्या दोऱ्या बांधायला वापरायची नाहीत (सगळे वापरतात). जिथे पत्र्यावर पत्रा चढतो तिथे वेल्डिंगच्या आधी आतून झिंकचा प्रायमर मारून घ्या, नंतर ब्रश आत जात नाही, आणि शेवटी सांधा सीलंटने बंद करा. नुसत्या रेड ऑक्साईडवर विश्वास ठेवू नका, तो पाणी पितो, त्याच्यावर रंग चढवायलाच हवा, इपॉक्सी प्रायमर परवडला तर तोच मारा.

आणि हौदा चेसिसला वेल्ड करायला देऊ नका, कोणी कितीही सांगो. चेसिस चालताना पिळते, वेल्डच्या शेजारूनच चीर जाते. यू-बोल्टने आवळायचा, मध्ये लाकडाची नाहीतर जाड रबराची पट्टी. वेल्डिंग चालू असताना बॅटरीची वायर काढलेली आणि ब्रेकचे पाईप ओल्या गोणपाटाने झाकलेले दिसले तर समजा माणूस कामाचा आहे.

मालीम_जेटी
माशांची गाडी चालवतो त्यामुळे मिठाच्या पाण्याचं आमच्याइतकं कोणाला ठाऊक नसेल 😀 गंजक्या पत्र्यावर फायबर मारून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. वरून चकचकीत दिसतं, एखादी कड सुटली की पाणी आत, आणि खालचा पत्रा गुपचूप खलास. ॲल्युमिनियम हलकं, पण लोखंडाला थेट टेकलं की खाऱ्या ओलीने तिथेच पांढरी भुकटी सुटते, मध्ये रबर आणि बोल्टला नायलॉनचं वायसर हवंच.

तुमच्या मालाला मी तर किंदळाच्या लाकडाच्या फळ्या घालीन. दोन फळ्यांत बारीक फट ठेवली की रोपांचं पाणी खाली जातं, एक फळी गेली तर तेवढीच बदलायची, केळीचे घड पण कमी डागाळतात. फक्त खिळे नको, गॅल्व्हनाईज्ड बोल्ट घ्या.

कागदपत्र_फोंडा
बांधकाम झालं, आता कायद्याचं ऐका, नाहीतर पासिंगला परत पाठवतील. गाडी आठ वर्षांच्या वरची मालवाहू, म्हणजे फिटनेस दरवर्षी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही, सुप्रीम कोर्टाने पण जानेवारी २०१९ मध्ये तेच धरलं. त्याच वर्षी कलम १८२ए आलं, त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कुजलेला हौदा काढून त्याच मापाचा बसवणं वेगळं, बाजू पडत्या करणं नि लांबी वाढवणं वेगळं. त्यासाठी साधं ड्रॉइंग काढून आधी वाहतूक खात्यात दाखवा, लेखी होकार मिळाल्यावरच पत्रा कापा. मागच्या फूटभराचा नाद सोडा असं मी म्हणेन. मागच्या चाकाच्या मध्यापासून मागे लोंबणारा भाग व्हीलबेसच्या (पुढच्या नि मागच्या चाकांच्या मध्यांतल्या अंतराच्या) ६० टक्क्यांच्या वर जाता कामा नये हा नियम आहे, आणि माल मागे गेला की चढावर पुढची चाकं हलकी होतात ते निराळंच.

भावाचं पुढचं गार्ड तर नकोच, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय की बुल बार, म्हणजे असली पुढची गार्डं, लावणाऱ्यांवर कारवाई करा. पायी माणसाला लागलं तर ते लोखंड आपल्याकडच्या धक्क्याची काळजी घेतं, त्याची नाही.

बागायत_वाळपई
देव बरें करूं सगळ्यांचं. गार्ड कटाप, भाऊ दोन दिवस बोलणार नाही पण चालेल. रुंद टायरचं त्यानेच सोडलं, स्टिअरिंग पुरं फिरवल्यावर पाट्याला घासतील हे मिस्त्रीने दाखवल्यावर. आता ठरतंय ते असं की खाली चॅनल, वर किंदळाच्या फळ्या, बाजू २ एमएमच्या, माप मूळचंच. बाजू पडत्या करायचं ड्रॉइंग घेऊन सोमवारी खात्यात जातो, नाही म्हणाले तर नुसता मागचाच फाळका ठेवीन. सांगाड्याचे पाईप खोबणीत उभे करायचे की बोल्टने?

वेल्डर_डिचोली
खोबणीत, पण खोबण खालून उघडी ठेवा, बंद ठेवली तर पावसात पेला भरतो आणि पाईप तिथेच अडकून बसतो, मग हातोडा. वर आडवी पिन घाला, घाटात खडखडाट होत नाही. आणि मागचा फाळका खाली सोडला की नंबर प्लेट नि मागचे दिवे झाकले जातात, बाजारात उभी असताना ठीक आहे, पण लांब बांबू घालून तसंच हाणत आणलं तर वाटेत साखळी गावात पोलीस थांबवतील. दिवे चेसिसच्या आडव्या पट्टीवर खाली घ्या, वायर पाईपमधून काढा, उंदीर कुरतडतात.