‘थांबली’ का ‘बंद पडली’? आणि डीमनला (मागे गुपचूप चालू राहणाऱ्या प्रोग्रॅमला) मराठीत काय म्हणायचं?

आमच्या ग्रुपचा मेलिंग लिस्टचा सर्व्हर आहे, मेलमन २.१ (मेलिंग लिस्ट चालवणारा प्रोग्रॅम), जुनाच. तो सांभाळणाऱ्या पोरांसाठी मराठीत पानभर टिपण लिहितेय. परवा मेल जाईचनात, मास्टर (बाकीच्यांवर नजर ठेवणारा मुख्य प्रोग्रॅम) चालू दिसत होता पण आउटगोइंग रनर (मेल बाहेर पाठवणारा) गायब आणि आउटच्या रांगेत फायलींचा ढीग. मी लिहिलं, ‘पार्श्वभूमीतील प्रक्रिया थांबली असल्यास’. नवरा म्हणतो ‘बंद पडली’ लिही. दोन्ही एकच ना?

— एकच कसं ताई? एसटी थांब्यावर थांबते, घाटात बंद पडते. युनिक्समध्येही सिगस्टॉप (‘थांब’ असा सिग्नल) दिला की प्रोसेस थांबते, पीएसमध्ये (प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये) ‘टी’ दिसतो, सिगकॉन्ट (‘चालू हो’ असा सिग्नल) दिला की होती तिथून पुढे चालू. तुमची तर यादीतच नाही, म्हणजे मेली. मास्टर मेलेल्या रनरला परत उठवतो पण १० वेळा झालं की नाद सोडतो, क्यूरनरच्या लॉगमध्ये तसं लिहिलेलं सापडेल बघा.

— ‘मेली’ ही आमच्या आजीची शिवी होती, टिपणात नको. आणि पार्श्वभूमी कशाला? पार्श्व म्हणजे बाजू, बरगडीकडची. सरळ ‘पडद्यामागचं काम’ म्हणा की.

— मग लताबाई काय बाजूला उभ्या राहून गायच्या? पार्श्वगायन चालतं ना तुम्हाला! रुळलेला शब्द उपटायची हौस फार.

— मेलीवरून आठवलं, झॉम्बी प्रोसेसला आम्ही ऑफिसात ‘कावळा न शिवलेली’ म्हणायचो. मेलेली असते, पण पालक प्रोसेसने तिची अखेरची विचारपूस केलेली नसते म्हणून यादीत लटकलेली. किल करून उपयोग नाही, मेलेल्याला काय मारणार.

— हे सगळं छान आहे पण मी मास्टरला किल वजा नऊ (सक्तीने मारायची कमांड) केलं आणि आता स्टार्ट म्हटलं तर म्हणतो आधीच एक चालू आहे?? ते पण टिपणात लिहायचंय.

— लॉक (मास्टर चालू असल्याची खूण सांगणारी फाइल) राहिलंय मागे. आधी जुने रनर अनाथ होऊन फिरत नाहीत ना ते बघा, असले तर त्यांना साधा किल द्या, मग मेलमनसीटीएल वजा एस स्टार्ट, वजा एसने ते शिळं लॉक निघतं. शंटमध्ये (चूक झालेले मेल बाजूला पडतात त्या रांगेत) काही अडकलंय का तेही बघा.

— डीमनचं राहिलंच. राक्षस, भूत काही नको. १९६३ च्या सुमारास एमआयटीतल्या मंडळींनी हे नाव भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या काल्पनिक डीमनवरून घेतलं, तो बिचारा एका जागी बसून रेणू निवडतो. आमच्या कोकणात शब्द तयार आहे, ‘राखणदार’. दिसत नाही, पण रात्रभर हद्दीत फेऱ्या मारतो.

— राखणदार म्हणजे सिक्युरिटी वाटेल. ‘वेताळ’ म्हणा. रात्री फिरून वहाणा झिजतात म्हणून गोव्यात त्याला नव्या वहाणा वाहतात.

— वहाणा देवचाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या आत्म्याला वाहतात हो!

— आमच्या गावी वेताळालाच. आणि ‘वाहतात’ नाही, ‘ठेवतात’.