मदत हवी आहे: गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी, किती दुखणं चालवून घ्यायचं?

बर्डीवाला:
नमस्कार मंडळी. आईच्या (वय ६८) उजव्या गुडघ्याचं टोटल नी रिप्लेसमेंट (सांधा बदलायचं ऑपरेशन) नागपुरात धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात झालं, त्याला दीड महिना होत आला. टाके निघाले, जखम कोरडी आहे, एक्स-रे पाहून सर्जन खूश आहेत. घोडं अडलंय ते फिजिओपाशी.

मानेवाड्याला घरीच फिजिओ मॅडम येतात, ऊन चढायच्या आत. आईला पलंगाच्या कडेला बसवून पाय खाली सोडायला लावतात आणि नडगीवर हात ठेवून हळूहळू मागे दाबतात. आई पदराचा बोळा तोंडात धरते. डोळ्यांतून पाणी, पण आवाज नाही. इतकं करूनही गुडघा ७५ डिग्रीच्या पुढे वाकत नाही. मॅडमच्या मते एव्हाना ९० तरी व्हायला हवे होते, खुर्चीतून नीट उठायला त्याच्याही पुढे लागतं.

इकडे आत्या मुक्कामाला आहे. तिचं एकच, "काहून त्रास देऊन राहिले तिले? आपोआप सुटते बाप्पा गुडघा!" रात्री आराम पडतो म्हणून तिनेच आईच्या गुडघ्याखाली उशी दिली आहे. मामाला महालातल्या एका मालिशवाल्याला बोलवायचं आहे.

मला खरंच कळत नाहीये की यातलं कुठलं दुखणं सहन करायचं आणि कुठल्या दुखण्याला थांबायचं. व्यायामाआधी पेनकिलर द्यावी का? शेक द्यावा की बर्फ? सर्जन म्हणाले, असंच राहिलं तर भूल देऊन वाकवून देऊ. ते ऐकल्यापासून आईची झोप उडाली आहे. कृपया 'डॉक्टरांना विचारा' एवढंच लिहू नका. विचारलंय, ओपीडीत दोन मिनिटं मिळतात.

फिजिओताई:
आधी ती उशी काढा, आजच. गुडघा वाकलेल्या स्थितीत रात्रभर राहिला की मागची बाजू आखडते आणि पाय पूर्ण सरळ होईनासा होतो. सगळे वाकण्याचे डिग्री मोजत बसतात, पण पाय सरळ झाला नाही तर माणूस कायमचा लंगडतो. उशीऐवजी टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. मग मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. मॅडम तासभर येऊन जातात, उरलेला दिवस काकूंचाच आहे.

दुखण्याचा हिशोब असा. व्यायाम करताना ताण, ओढ आणि दुखणं येणारच, ते तास-दोन तासांत उतरलं तर ठीक. रात्रभर ठणकलं किंवा दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली, तर जोर जास्त झाला. मॅडमना सांगून कमी करा, बंद मात्र करू नका. पेनकिलर चालू असेल तर तीच गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी चालेल का, एवढं सर्जनना फोनवर विचारून घ्या. व्यायाम झाल्यावर बर्फ, टॉवेलमध्ये गुंडाळून १५-२० मिनिटं. फ्रीजरमधली मटारची पिशवी उत्तम, गुडघ्यावर बरोबर बसते. मालिशवाला नकोच.

भूल देऊन वाकवणं म्हणजे नवं ऑपरेशन नव्हे, चिरफाड नसते. आत जे चिकटलेलं असतं ते सर्जन हाताने सोडवतात. साधारण पहिल्या तीन महिन्यांत केलं तर जास्त उपयोग होतो, म्हणून ते आत्ता बोलले. पण त्यानंतरही व्यायाम सुटत नाहीत, हे काकूंना आधीच सांगा.

पोटरी एकदम सुजली किंवा दुखायला लागली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर मात्र थेट हॉस्पिटल गाठा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नका.

संत्रानगरी:
सासऱ्यांच्या वेळचं सांगतो. काठी ऑपरेशनच्या उलट बाजूच्या हातात धरायची, आमच्याकडे सगळे चुकीच्याच हातात देत होते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. घरी येणाऱ्या फिजिओचा खर्च झेपेना तेव्हा मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलातल्या) फिजिओथेरपी विभागात जायला लागलो. गर्दी भयंकर, पण शिकवतात नीट. आणि तिथे आपल्यासारखेच दहा जण कण्हताना दिसले की पेशंटची रडारड निम्मी होते, हा माझा अनुभव.

बर्डीवाला:
दोघांचे आभार. उशी काढली, आत्या रुसली. टाचेखालचा टॉवेल आईला आवडला नाही, पण करते आहे. आता तिचा स्वतःचा प्रश्न: खाली पाटावर बसून पूजा कधी करता येईल?

फिजिओताई:
मांडी घालून किंवा उकिडवं बसायला बहुतेक सर्जन कायमचंच नको म्हणतात. देव्हारा टेबलावर चढवा, समोर हाताची खुर्ची ठेवा. बुटकी नको, उठताना त्रास होतो.